वजनांचं वजन

सोमवार, ११ जानेवारी १८६४. अकोला

गोऱ्या साहेबाच्या कापसाच्या वखारीत आज नवा काटा टांगला. घड्याळासारखा! पितळेचं तोंड, परातीएवढं, त्यावर रतलांचे, म्हणजे विलायती पौंडांचे, आकडे, मधोमध एकच लांब काटा आणि खाली ओझं अडकवायचा लोखंडी आकडा. दांडी नाही, पारडी नाहीत, वजनं नाहीत. बोजा आकड्याला अडकवला की काटा फिरतो आणि किती रतल ते सांगतो. आत पोलादाची गुंडाळलेली कमान आहे म्हणे, ओझ्याने ताणते. विलायतेहून आला, लाखेची मोहर अजून तशीच आहे.

शाळा सुटली तसा मी थेट तिकडे गेलो. दादा वखारीचा मापारी, म्हणून मला आत जायला कोणी अडवत नाही. तो त्याच्या मोठ्या तराजूवर कापूस तोलत होता — "लाभ... दोन... तीन..." एक कधी म्हणायचा नाही, पहिल्या बोजाला लाभ म्हणायचं, ही बाबांपासूनची रीत. तोलण्याआधी लोखंडी वजनाला हात लावून कपाळाला लावायचा, तीही. बाहेर गाड्यांची रांग पार मोर्णा नदीच्या काठापर्यंत. कापसाला सोन्याचा भाव आला आहे आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या!

"दादा, नवा काटा पाहिलास?"

"पाह्यला. तोंड हाय, पारडं नाई. नुसत्या तोंडाच्या माणसावर इश्वास ठेवू नये, मास्तर."

मी शाळेत शिकवतो, म्हणून मास्तर म्हणतो तो मला, चिडवायला. मला हसू आलं, पण डोळे काट्यावरच. काटा थरथरतो आणि मग थांबतो — का थांबतो? कुठे थांबायचं हे कमानीला कसं कळतं?

मंगळवार, १२ जानेवारी. संक्रांत

माझ्या हाताला किडे पडोत.

शाळेला सुटी. उजाडताच वखारीत गेलो. कडाक्याची थंडी, तोंडातून वाफ. दादा अजून आला नव्हता. साहेब अंगात लोकरीचा डगला घालून फेऱ्या मारत होता. माझ्या डोक्यात कालपासून एकच — हा काटा खरं बोलतो हे कशावरून? मग सुचलं. दादाची पाच लोखंडी वजनं भिंतीशी ओळीने होती. प्रत्येक छप्पन रतलांचं, पाच मिळून दोनशे ऐंशी, म्हणजे बरोबर एक बोजा. दोरीच्या जाळ्यात पाचही घातली, आकड्याला टांगली, जाळ्याचं वजन वजा केलं.

दोनशे एकोणऐंशी आणि पाव.

पुन्हा टांगली. तेवढंच. आणि मी गाढव, कोडं सापडल्याच्या आनंदात मोठ्याने ओरडलो, "पाऊण रतल कमी!"

साहेब आला. वजन उलटं केलं. प्रत्येकाच्या बुडाशी एक भोक असतं, शिशाने बुजवलेलं, वजन नेमकं करण्यासाठी. साहेबाने त्या शिशावरून नख फिरवलं. बोजाला पाऊण रतल, म्हणजे जवळजवळ चारशे बोज्यांमागे एक आख्खा बोजा कमी भरला. त्याने हा हिशोब करायच्या आधी माझ्या मनात तो झाला होता, हे देवासमोर कबूल करतो. मापाऱ्याने शिसं कोरून वजनं हलकी केली आणि कापूस आणणाऱ्या कास्तकारांना झुकतं माप दिलं, असं साहेब म्हणाला. तेवढ्यात दादा दारात उभा.

त्याने साहेबाकडे पाहिलंच नाही. जाळ्यात लोंबणाऱ्या आपल्या वजनांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वजनाले कोणी वजन करते काय?"

तेवढंच. मापाऱ्यांत ही गोष्ट कोणी करत नाही. वजन म्हणजे पंच. पंचाला आरोपी म्हणून टांगायचं नसतं. मला ठाऊक होतं! लहानपणी बाबांच्या तागडीतल्या वजनांशी खेळलो म्हणून मार खाल्लेला मी.

बुधवार, १३ जानेवारी

दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. तिळगूळ वहिनींच्या हातून आला.

रविवार, १७ जानेवारी

दादाला कामावरून काढलं. वजनं साहेबाच्या कोठडीत कुलपाखाली. कापसातल्या लबाडीवर मुंबईत नवा कायदा झाला आहे. तो इथे लागतो की नाही कोणाला ठाऊक, पण साहेब दर वाक्यात त्याचंच नाव घेतो आणि शेवटी तुरुंग म्हणतो. दादा ओट्यावर बसून असतो. बाजारातून जाणारे लोक पूर्वी "रामराम जयवंताभाऊ" म्हणत, आता खाली पाहून जातात.

वहिनी चुलीपाशी रडल्या. पार्बताबाई रडल्या म्हणजे पाटाचं पाणी उलटं वाहिलं समजावं, अशी ती बाई. "भाऊजी, तुमी शिकलेले. तुमीच हे केलं, आता तुमीच निस्तरा. यायनं शिसं कोरलं असं तुमाले वाटते काय?"

नाही वाटत, मी म्हणालो. पण म्हणायला क्षणभर उशीर झाला. तो क्षण ओट्यापर्यंत ऐकू गेला असणार.

खरं सांगू? मला माहीत नव्हतं. काट्याने कमी दाखवलं होतं आणि मी काट्यावर विश्वास ठेवला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तशी या काट्याची गत.

उपाय एकच दिसतो. अमरावतीच्या कचेरीत सरकारी पितळी वजनं आहेत, मोहरबंद. दादाची वजनं तिथल्या तराजूवर त्यांच्यासमोर घालायची.

रविवार, २४ जानेवारी

साहेब कबूल झाला! "मास्टर, तुम सच्चा आदमी है. अपने भाई का चोरी तुमने पकडा." हे ऐकून घ्यावं लागलं. वजनं गोणीत घालून वर त्याची लाख लावली. मला हेडमास्तरांनी रजा दिली. उद्या गाडी.

गुरुवार, २८ जानेवारी. अमरावती

तीन दिवस गाडीत हाडं खिळखिळी झाली. पण खरी! खरी! पाचही वजनं खरी!

कचेरीत गोणीची लाख तोडली. कारकुनाने एका पारड्यात सरकारी पितळ, दुसऱ्यात दादाचं लोखंड ठेवलं. दांडी डुलली, डुलली आणि सरळ झाली. पाची वेळा. मग पारडी अदलून पाहिली, पासंग, म्हणजे पारड्यांतलाच फरक, नको म्हणून. एक केससुद्धा फरक नाही. कारकुनाने दाखला लिहून दिला. मी अंबादेवीला नारळ फोडला आणि तिथेच, लोकांसमोर, पोर रडावं तसा रडलो. दादाने शिसं कोरलं नाही, आणि हे मला पितळाने सांगावं लागलं.

शुक्रवार, २९ जानेवारी. अमरावती

म्हणजे खोटा तो काटा! हे कळलं तेव्हा घरी जायला हवं होतं. पण माझा स्वभाव!

साहेबाची दुसरी वखार अमरावतीत आहे. तिथेही तस्साच घड्याळकाटा. सकाळच्या थंडीत तिथल्या माणसाला विड्याला पैसे देऊन पाची वजनं टांगली.

दोनशे एकोणऐंशी आणि पाव.

एक काटा खोटा असेल. दोन काटे, दोन गावांत, दोन्ही विलायतेत तपासून मोहर मारलेले — एकसारखं, तेवढंच खोटं बोलतात? दोन साक्षीदार शब्दाला शब्द तेच सांगतात तेव्हा एक तर ते शिकवलेले असतात, नाहीतर खरं बोलत असतात. तराजू म्हणतो पूर्ण. काटा म्हणतो कमी. आणि दोघंही शपथेवर.

रात्री दिव्यापाशी दोन्ही आकडे पुन्हा लिहून ताडून पाहिले.

रविवार, ३१ जानेवारी. अमरावती

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो, नाहीतर निसटेल.

इथल्या मोजणी खात्यात महादेवराव म्हणून एक म्हातारे नकाशे काढतात. वीस वर्षं गोऱ्या मोजणीदारांबरोबर डोंगर तुडवलेले. कचेरीतल्या कारकुनाने माझं कोडं त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं, समोर गूळ-पाणी ठेवलं आणि विचारलं, "मास्तर, वजन म्हंजे काय?"

मी म्हणालो, वस्तूत किती माल आहे ते.

"नाई. माल किती हाय तो माल. वजन म्हंजे त्या मालाले धरती किती वढते ते."

मग त्यांनी लिंबू घेतलं. पृथ्वी नेमकी गोल नाही, वर-खाली जराशी दबलेली, मध्ये फुगीर. शिवाय गरगर फिरते. विलायत वरच्या अंगाला, आपण फुगवट्याच्या जवळ. म्हणून विलायतेत ओढ जास्त, इथे जराशी ढिली. किती ढिली? "चारशाले एक." लोखंड तेच, रतीभरही कमी नाही. पण विलायतेच्या धरतीने ज्या जोराने ओढलं, त्यावरून कमानीचे आकडे कोरले. ती कमान वऱ्हाडात आली. वऱ्हाडची धरती जरा हळू ओढते, तेव्हा काटा अलीकडेच थांबतो.

"कशावरून?" मी विचारलं. शिक्षकाची खोड.

"आमच्या खात्यात लंबकाचं घड्याळ होतं, विलायतेत बिनचूक. इथं रोज दोन मिनिटं मागं. लंबकालेही तीच धरती वढते ना!"

आणि तराजू? तराजूत दोन्हीकडे माल. ओढ ढिली झाली तर दोन्ही पारड्यांवर सारखीच ढिली, दांडीला त्याचा पत्ताच नाही. "तराजू दोघायले समोरासमोर उभं करते. तुमचं घड्याळ एकट्याचीच फिर्याद आयकते."

मी त्यांच्या पाया पडलो. कोणीही खोटं बोलत नव्हतं! दादा नाही, लोखंड नाही, काटाही नाही. दोघांना दोन वेगळे प्रश्न विचारले होते आणि मी एकच समजत होतो. चोवीस वर्षांचा झालो, मापाऱ्याच्या घरात वाढलो आणि वजन म्हणजे काय ते आज कळलं.

सोमवार, १ फेब्रुवारी. बडनेऱ्याजवळ, गाडीत

महादेवराव निघताना म्हणाले, चंद्राची ओढ आपल्या सहाव्या हिश्श्याची आहे असं त्यांचा साहेब सांगे. तिथे दादाची पाच वजनं काट्याला टांगली तर पन्नासही भरणार नाहीत! तराजूत मात्र बरोबर एक बोजा. तात्पर्य, चंद्रावर कापूस घड्याळकाट्याने विकू नये.

गाडीवानाला हे सांगितलं. तो म्हणाला, "तिथं जाते कोण, मास्तर? बैल चढंल काय?"

रविवार, ७ फेब्रुवारी. अकोला

दाखला दादाच्या पुढ्यात ठेवला. त्याने वाचून घेतला नाही. "मले ठाऊक होतं," एवढं वहिनींना म्हणाला — मला नव्हे — आणि ओट्यावर जाऊन बसला.

मग मी चुलीपाशी बसून वहिनींना सगळं समजावलं. जरा मोठ्यानेच, ओट्यावर ऐकू जावं म्हणून. लिंबू घेतलं, विलायत दाखवली, अकोला दाखवलं. वहिनी भाकरी थापताना म्हणाल्या, "मंग धरतीनं वढणं सोडलं तं जड काईच राह्यनार नाई?"

ओझं वाटणार नाही, मी म्हणालो, पण माल राहील. ते कसं, हे काही केल्या सांगता येईना. शेवटी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला गव्हाचं पोतं टांगलं. म्हटलं, आता याचं ओझं फांदीवर, तुमच्यावर नाही. ढकला. वहिनींनी आडवा धक्का दिला, पोतं जेमतेम हललं. मग त्याच दोरीला कडब्याची पेंढी टांगली. बोटाने गेली.

"अगं माय! वझं नाई तरी अडते!"

तेच! तेच ते! उचलायचं नसलं तरी हलवायला अडतं, ते मालामुळे. चंद्रावरही ते पोतं एवढंच अडेल. मी टाळी वाजवली. मागे वळून पाहिलं तर दादा ओट्याच्या खांबाला टेकून बघत होता. नजर मिळाली तशी त्याने मान फिरवली.

सोमवार, ८ फेब्रुवारी

साहेब मुंबईला गेला. महिनाभराने येईल. कोठडीची किल्ली त्याच्या कारकुनाकडे, त्याने वजनं पुन्हा आत टाकली. थांबायचं.

मंगळवार, १५ मार्च

सगळं बुडालं.

साहेब परवा आला. आज दुपारी बारा वाजता सुनावणी ठेवली. चार अडते, बार्शीटाकळीचे खुशालराव पाटील, दादा, मी. वर टिनाचं छप्पर, वारा नाही, अंगाची लाही. मी दाखला वाचला. लिंबू काढलं. विलायतेची ओढ, वऱ्हाडची ओढ, सगळं सांगितलं. म्हणून, म्हटलं, ही वजनं पूर्ण असूनही काटा पाऊण रतल कमी दाखवेल. टांगा!

टांगली.

दोनशे एक्क्याऐंशी.

कमी नाही. पूर्णही नाही. एक रतल जास्त!

अडते हसले. साहेब आधी हसला, मग लाल झाला. जानेवारीत कमी होती, आज जास्त कशी? म्हणजे अमरावतीच्या वाटेवर तू वजनं बदललीस. लाख तुटली होतीच. भाऊ चोर, आणि आता तूही. आठ दिवसांत दोघांना कचेरीत उभं करतो.

लिंबू हातातच राहिलं. दादा उठून चालू लागला. मी मागे धावलो. म्हटलं, दादा, मी बदलली नाहीत, देवाशपथ! तो थांबला. दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलला:

"मी तुले इचारलं काय?"

बुधवार, १६ मार्च

शाळेत भागाकार चुकीचा शिकवला.

गुरुवार, १७ मार्च

वजन बदललं नाही. धरती बदलली नाही, अकोला जागच्या जागी आहे. मग बदललं काय? सकाळपासून भिंतीकडे बघत हेच. जानेवारी आणि मार्च. पहाट आणि दुपार. थंडी आणि — अरे!

कमान!

लोहाराकडे लोखंड तापवून मऊ करतात. दुपारी टिनाखाली कमान तापते, जराशी सैलावते, तेवढ्याच ओढीला जास्त ताणते! थंडीत ती ताठ होती, विलायतेसारखी, म्हणून तेव्हा नुसता ओढीचा फरक दिसला. आता उन्हाने तो झाकून वर रतलभर चढवला. मी ओढीचा एवढा अभ्यास केला आणि जिच्यावर ती मोजायची तिला विसरलो!

कारकुनाचे पाय धरले. उद्या सकाळी, दुपारी, सांजेला टांगू देईन म्हणाला.

शनिवार, १९ मार्च

जिंकलो.

काल दिवसभराचं टिपण साहेबासमोर ठेवलं. तो म्हणाला, कागद नको, दाखव. आज सूर्य उगवायला त्याच्यासमोर टांगली — दोनशे साडेएकोणऐंशी. तीच वजनं, त्याचाच माणूस पहाऱ्याला बसवून, दुपारी — दोनशे एक्क्याऐंशी. दोन्ही वेळा शेजारी दादाच्या तराजूत सरकारी पितळ, खटल्यासाठी साहेबाने मंगळवारीच डाकेच्या टांग्याने अमरावतीहून मागवलेलं. दांडी सरळ. सकाळी सरळ, दुपारी सरळ. तोलायला दादाच उभा होता, कमानीचं सगळं माझ्या तोंडून ऐकत.

साहेब मोठ्याने हसला, माझा हात धरून हलवला. जयवंता मापारी निर्दोष, असं सहीनिशी लिहून दिलं. माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग म्हणाला, "तो सुबह को कम, दोपहर को ज्यादा. वह कागज छोड जाओ."

मी सोडून आलो. आकडे कसे मोत्यासारखे काढले होते!

रविवार, २० मार्च

वखारीच्या दारावर हुकूम लागला. यापुढे कापूस पहाटेपासून आठ वाजेपर्यंतच घेतला जाईल. घड्याळकाट्याने. तराजू बंद. मापाऱ्याची जरूर नाही.

पहाटे काटा कमी दाखवतो. कास्तकाराला बोजामागे अर्धा रतल कमी मिळणार, साहेबाला तो फुकट. मुंबईत विकताना तराजू. माल तेवढाच, मधल्या मध्ये बोजेच्या बोजे निपजणार, आणि कोणी खोटं बोललं असं म्हणता येणार नाही, कारण काटा मोहरबंद आहे! हे त्याला मी शिकवलं. त्यावर मला निरोप — काटा वाचायला ये, शाळेच्या दुप्पट पगार.

नाही म्हणून सांगितलं. त्याने काय होणार?

निर्दोषपणाचा कागद दादाने घडी करून देवळीत ठेवला. आता भाऊ निर्दोष आणि बेकार.

सोमवार, २१ मार्च

दादा घर सोडून गेला. होळी दोन दिवसांवर आली आहे आणि गेला! बाबांची भाजी तोलायची तागडी खांद्यावर टाकली, वांग्यांची टोपली घेतली. वहिनी म्हणतात, "खेड्यायनं भाजी इकतो म्हनले. कवा येतान, काई सांगतलं नाई." मी शाळेत होतो. मी नसतानाची वेळ साधून गेला. माझं तोंड पाहायला नको म्हणून, दुसरं काय?

वऱ्हाडात ज्याच्या तोलावर दोनशे गाड्या थांबत, तो वांगी विकत फिरतो. माझ्या जिज्ञासेपायी. जिज्ञासा! या शब्दाची आज मला शिसारी आली.

गुरुवार, २४ मार्च

धुळवड झाली. खेळलो नाही. कास्तकारांना सांगावं का, की पहाटे जाऊ नका? तीनदा वखारीच्या रस्त्यापर्यंत गेलो, तीनदा परत आलो. सरकारी शाळेची नोकरी, आणि साहेबाची कलेक्टराशी उठबस. शिवाय लिंबू दाखवून कोणाला पटणार? ही सबब आहे, मला कळतं. मी भित्रा आहे.

सोमवार, २८ मार्च

काहीतरी विचित्र घडतंय. आज पहाटे वखारीत एकही गाडी नव्हती. एकही! काट्याखाली माणसं हात चोळत बसलेली. दुपारी शाळेच्या खिडकीतून पाहतो तर पन्नास-साठ गाड्या वखारीच्या फाटकाबाहेर, बैल सोडलेले, कास्तकार सावलीत भाकरी खाताहेत. साहेबाच्या माणसाने हटकलं, सकाळी या. ते म्हणाले, "आमी आता आलो, आता घ्या. नाई तं शेजारच्या वखारीत जातो." या भावात कापूस कोण परत पाठवतो? घेतला. टिनाखाली, भर उन्हात, घड्याळकाट्यावर. बोजामागे रतल जास्त!

मला पोटभर हसू आलं. पण त्यांना सांगितलं कोणी?

बुधवार, ३० मार्च

साहेबाने बोलावलं. म्हणाला, तूच सांगितलंस. मी म्हणालो, नाही. खरंच नाही, आणि हे म्हणताना मला लाज वाटली.

शनिवार, २ एप्रिल

घड्याळकाटा उतरला! पेटीत भुसा घालून बंद केला. तराजू पुन्हा टांगला. साहेबाने दादाला बोलवायला माणूस पाठवला, तर दादा घरी कुठे? तेरा दिवस झाले. वहिनींनी निरोप्याला सांगितलं, आला की धाडते. कसाही येवो. माझ्याशी नाही बोलला तरी चालेल.

रविवार, ३ एप्रिल

बाजारात खुशालराव पाटील भेटले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "जयवंता आमच्या पारावर येऊन बसला होता, मास्तर. म्हने, सकाळी नेऊ नका, दुपारी न्या, थंडीत कमान ताठ राह्यते. आन् लिंबू काढून धरतीची वढ सांगतली! तिथून पातुराकडं गेला, गावोगाव हेच सांगत. मी म्हटलं, तुले हे शिकवलं कोनं? तं म्हने, माह्या लहान्या भावानं शोधलं. तिकडून येनारे सांगतात, पुढच्या गावात याले कोनी वळखत नाई. नाव इचारलं तं मापारी नाई सांगत, जयवंताही नाई सांगत. सांगते — मास्तराचा भाऊ."